रस्ते वाढले तरी कोंडी का सुटत नाही, आणि शुल्काने ती का सुटू शकते

मुंबईच्या वाहतुकीसंबंधीचे तीन मोठे निर्णय २०२४ या एकाच वर्षात प्रत्यक्षात आले. जानेवारीत शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. मार्चपासून सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला. ऑक्टोबरच्या १४ तारखेच्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडचे दोन नाके, ऐरोली आणि वाशी या मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर कार-जीपसारख्या हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. पहिल्या दोन निर्णयांनी मोटारींसाठी जागा वाढवली, तर तिसऱ्याने त्या जागेचे मोल कमी केले. तिन्हींच्या मागे कोंडी कमी होईल ही अपेक्षा होती आणि तिन्हींचे स्वागतही त्याच भावनेने झाले. मात्र जागा वाढवणे आणि मोल कमी करणे या दोन्ही गोष्टींचा गाड्यांच्या संख्येवर होणारा परिणाम एकाच दिशेचा असतो, आणि ती दिशा कोंडी कमी होण्याची नाही. हे असे का होते, हे नीट समजून घेतले तर आपल्या शहरांमध्ये पुढची वीस-पंचवीस वर्षे पैसा कुठे घालायचा याचा निर्णय अधिक शहाणपणाने करता येईल, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात कोंडी होते कशी इथून करू. सिग्नल नसलेल्या द्रुतगती मार्गाच्या एका मार्गिकेवरून तासाला साधारण दोन हजार मोटारी जाऊ शकतात. गाड्या वाढू लागल्या की दोन गाड्यांमधले अंतर कमी होते आणि चालक वेग आवरतात. एका मर्यादेनंतर तर तासाला पार होणाऱ्या गाड्यांची संख्याच घटू लागते, म्हणजे ज्या वेळी रस्त्याकडून सर्वाधिक कामाची अपेक्षा असते त्याच वेळी तो सर्वांत कमी काम करतो. शहरातल्या रस्त्यांवर हेच चौकात घडते. पुढच्या सिग्नलची रांग मागे येत येत आधीच्या चौकात शिरते, चौक अडतो, आणि आडव्या रस्त्यावर सिग्नल हिरवा असूनही तिथल्या गाड्यांना हलता येत नाही. एक चौक अडला की पाठोपाठ दुसरा अडतो.

या वर्णनातून एक दिलासा देणारी गोष्टही निघते. कोंडी सुटण्यासाठी रस्ता रिकामा व्हावा लागत नाही. मर्यादेवरच्या थोड्या गाड्या कमी झाल्या तरी पुरते. पुण्या-मुंबईतल्या कुणालाही याचा अनुभव आहे. दिवाळीत किंवा मे महिन्यात शाळा बंद असतात, काही कुटुंबे गावी गेलेली असतात, पण कार्यालये चालू असतात आणि रस्त्यावर गाड्याही भरपूर असतात. तरीही एरवी तासाभराचा प्रवास पाऊण तासाच्या आत उरकतो. रोजच्या प्रवाशांपैकी बहुतेक जण रस्त्यावरच असतात. दहात एखादा कमी झालेला असतो आणि तेवढ्यानेच चौक मोकळे राहतात. कोंडीवरचा प्रत्येक उपाय शेवटी या एकाच कसोटीवर पारखायचा असतो: गर्दीच्या वेळचा तो दहावा माणूस रस्त्यावरून कमी होतो का, आणि कमी झाल्यावर त्याच्या जागी दुसरा येतो की नाही?

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, आणि नव्या रस्त्यांचे घोडे नेमके तिथेच अडते. नवा उड्डाणपूल खुला झाला की पहिले काही आठवडे प्रवास खरोखर जलद होतो. ही बातमी पसरते आणि माणसे आपापल्या परीने तिचा उपयोग करतात. आधी गल्लीबोळांतून जाणारे मुख्य रस्त्यावर येतात. कोंडी टाळण्यासाठी सकाळी सातला निघणारे पुन्हा साडेआठला निघू लागतात. लोकलची किंवा बसची गर्दी नकोशी झालेला एखादा जण बँकेकडून कर्ज घेऊन गाडी काढतो. जो प्रवास पूर्वी टाळला जात होता, तोही आता होऊ लागतो. यात कुणाचीच चूक नाही. प्रत्येकाने आपल्या सोयीचेच केलेले असते. पण त्या सगळ्यांचे मिळून वेग पुन्हा खाली येतो, आणि तो तोपर्यंत येत राहतो जोपर्यंत रस्ता इतका संथ होत नाही की आणखी कुणाला त्यावर यावेसे वाटू नये. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हा नियम मांडला होता.

हा झाला दोन-चार वर्षांतला बदल. याहून मोठा आणि न पुसता येणारा बदल जमिनीच्या वापरात होतो. रस्ता येणार अशी नुसती चर्चा सुरू झाली तरी त्याच्या दुतर्फा जमिनींचे भाव चढतात, आणि रस्ता पुरा होण्याआधीच ‘अमुक ठिकाणापासून दहा मिनिटांवर’ अशा जाहिराती लागतात. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आणि पुण्याच्या वाकड-हिंजवडी पट्ट्यात हेच घडताना आपण पाहिले आहे. घर घेणारे कुटुंब त्या दहा मिनिटांच्या भरवशावर वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेते. पुढे त्या दहा मिनिटांची चाळीस मिनिटे होतात, पण घर आणि कर्ज दोन्ही जागच्या जागी राहतात, आणि मग त्याच वस्तीतून, पूर्ण न्याय्य कारणाने, आणखी एका उड्डाणपुलाची मागणी येते.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात हा प्रयोग जवळजवळ टोकापर्यंत नेला गेला. तिथल्या केटी फ्रीवेचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे २८० कोटी डॉलर खर्च झाले आणि सेवारस्ते धरून काही ठिकाणी मार्गिकांची संख्या २६ पर्यंत गेली. तरीही २०११ ते २०१४ या तीन वर्षांत या मार्गावरचा सकाळच्या गर्दीतला प्रवासाचा वेळ सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळचा सुमारे ५५ टक्क्यांनी वाढला. ह्यूस्टनला जागेची टंचाई नव्हती आणि पैशाचीही नव्हती. जिथे दोन्ही गोष्टी आहेत तिथेही जे जमले नाही, ते भायखळ्यात किंवा पुण्याच्या पेठांत जमेल असे मानायला काही आधार दिसत नाही. जिल ड्युरान्टन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून दाखवले की महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेले एकूण अंतरही वाढते.

त्यांच्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, आणि तो मेट्रोच्या समर्थकांना (मी स्वतः त्यांच्यातच मोडतो) रुचणाराही नाही. सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. कारण तेच आहे. मेट्रोमुळे दहा जण गाडी सोडून गेले, तर रस्ता थोडा मोकळा होतो आणि त्या मोकळ्या जागेवर दुसरे दहा जण येतात. म्हणून ‘मेट्रो झाली की कोंडी सुटेल’ हे आश्वासन देणे चुकीचे आहे. मेट्रोचे मोल यात आहे की ती लाखो माणसांना कोंडीला बगल देऊन वेळेवर पोहोचवते. रस्ता रिकामा करणे हे काम तिच्यावर लादले, तर काही वर्षांनी ती अपयशी ठरल्याचा निवाडा उगाचच दिला जाईल.

याचा अर्थ नवे रस्ते आणि पूल बांधूच नयेत असा मुळीच नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०१८ च्या जुलैमध्ये या पुलाचा काही भाग रेल्वेमार्गावर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली. तीही जवळच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी उंचीत जुळत नव्हती, आणि हा दुवा सांधायला आणखी काही महिने गेले. मधल्या काळात अंधेरीच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीचे जे हाल झाले त्यावरून जाळ्यातला एक दुवा तुटल्याची किंमत काय असते हे कळते. रेल्वेच्या दोन बाजू जोडणारे पूल, फाटकांच्या जागी भुयारी मार्ग, एकमेकांना न मिळणारे रस्ते जोडणे, पदपथ, खड्डे नसलेला डांबराचा थर, चौकांची योग्य आखणी ही कामे झालीच पाहिजेत. रस्त्यांमुळे माणसांचा वावर वाढतो, धंदा वाढतो, रुग्णवाहिकेला पर्यायी वाट मिळते. हे फायदे खरे आहेत, पण ते वावर वाढण्याचे फायदे आहेत, कोंडी घटण्याचे नाहीत. सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा आणि १०.५८ किलोमीटर लांबीचा सागरी किनारा मार्ग बांधताना हा फरक स्पष्टपणे लोकांपुढे ठेवायला हवा होता, विशेषतः ज्या मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेशच नाही त्या मार्गाच्या बाबतीत. पुणे विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २००६ च्या सुमारास बांधले गेले आणि मेट्रो व दुमजली उड्डाणपुलासाठी २०२० मध्ये पाडले गेले. सार्वजनिक पैशाने उभारलेले बांधकाम पंधरा वर्षांच्या आत पाडावे लागते, तेव्हा पुढचा आराखडा करण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

आता दुसऱ्या उपायाकडे वळू. रस्त्याच्या वापराचे शुल्क हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर टोलनाका येतो, आणि टोलविषयी महाराष्ट्रात जो राग आहे तो बहुतांशी सकारण आहे. परंतु टोल आणि कोंडी शुल्क यांचे हेतूच वेगळे आहेत. मुंबईच्या वेशीवरचा टोल नव्वदच्या दशकात आखलेल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता. सकाळी नऊला येणाऱ्या कारला जेवढे पैसे, तेवढेच पहाटे तीनला येणाऱ्या कारला. अखेरीस ते ४५ रुपये होते. त्यामुळे कुणी आपली वेळ बदलावी असे त्यात काहीच नव्हते, उलट नाक्यावरच्या रांगेने कोंडीत भर पडत होती. तो टोल गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. कोंडी शुल्काचा हेतू बांधकामाचा खर्च काढणे हा नसतोच. ज्या वेळी आणि ज्या ठिकाणी रस्ता त्याच्या मर्यादेला पोहोचतो, फक्त त्याच वेळी आणि तिथेच ते घेतले जाते, आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा ते शून्य असायला हवे.

हे शुल्क न्याय्य का ठरते, हे एका साध्या हिशेबातून पाहता येईल. समजा एका रस्त्यावर गर्दीच्या तासात हजार गाड्या आहेत आणि त्यांत आणखी एक शिरली. तिच्यामुळे प्रत्येकाला केवळ तीन सेकंदांचा उशीर झाला असे धरले, तरी सगळ्यांचा मिळून तीन हजार सेकंदांचा, म्हणजे पन्नास मिनिटांचा वेळ गेला. गाडी काढणाऱ्याने घरातून निघताना आपल्याला लागणारा अर्धा तास आणि पेट्रोल यांचाच विचार केलेला असतो. इतरांची पन्नास मिनिटे त्याच्या हिशेबात कुठेच नसतात, कारण ती त्याच्याकडून कुणी मागत नाही. आणि त्या हजार वाहनांमध्ये एखादी बस असेल तर तिच्यातल्या साठ जणांचे तीन-तीन सेकंद वेगळे धरावे लागतात. म्हणजे आजही रस्ता फुकट नाही. त्याची किंमत वेळेच्या रूपाने वसूल होते आहे, ती सर्वाधिक भरतो तो बसच्या दांडीला लोंबकळणारा प्रवासी, आणि ती कुणाच्याही तिजोरीत जमा होत नाही. मला या व्यवस्थेतला हा अन्याय सर्वांत जास्त सलतो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम विक्री यांनी १९५०च्या दशकापासून हा विचार चिकाटीने मांडला. आधी भुयारी रेल्वेच्या भाड्यासाठी आणि नंतर रस्त्यांसाठी त्यांनी गर्दीच्या वेळेनुसार बदलणारे दर सुचवले. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. तोवर ही कल्पना प्रत्यक्षात आणून एका शहराला दोन दशके उलटली होती.

ते शहर सिंगापूर. जून १९७५ मध्ये तिथल्या सरकारने शहराचा मध्यभाग आखून घेतला आणि सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात तिथे मोटार न्यायची असेल तर दिवसाला तीन सिंगापूर डॉलरचा परवाना घेण्याची सक्ती केली. यंत्रे नव्हती, संगणक नव्हते. परवाना म्हणजे काचेवर लावायचा एक कागद, आणि हद्दीवर रस्त्यावर लावलेल्या फलकांच्या कमानीपाशी उभे असलेले कर्मचारी नुसत्या नजरेने तो तपासत. गाडी थांबवली जात नसे. ज्याच्याकडे परवाना नसे त्याचा क्रमांक टिपून घेतला जाई आणि दंडाची नोटीस नंतर घरी पोहोचत असे. चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारीला शुल्क माफ होते. परिणाम इतका तीव्र झाला की त्या वेळात आत येणारी वाहतूक सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. पण पहिल्याच महिन्यांत असेही दिसले की साडेनऊ वाजण्याची वाट पाहून गाड्यांचा लोंढा आत शिरतो, म्हणून वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. हद्दीबाहेर हजारो गाड्यांसाठी वाहनतळ बांधून तिथून बसने आत नेण्याची सोयही केली होती, पण ती फारशी कुणी वापरली नाही. ज्यांनी गाडी सोडली त्यांनी ती घरापासूनच सोडली आणि थेट बस धरली. धोरण आखताना माणसे काय करतील याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला तर तातडीने बदलण्याची तयारी लागते. सिंगापूरकडून घेण्यासारखी मुख्य गोष्ट मला हीच वाटते.

१९९८ मध्ये कागदाची जागा इलेक्ट्रॉनिक वसुलीने घेतली. तेव्हापासून रस्त्यांवरचा प्रत्यक्ष वेग मोजला जातो आणि त्यावरून ठरावीक काळाने दर बदलले जातात. द्रुतगती मार्गांवर ताशी ४५ ते ६५ किलोमीटर आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर २० ते ३० किलोमीटर हा वेग राखणे हे उद्दिष्ट असते. वेग खाली गेला तर त्या अर्ध्या तासाचा दर वाढतो, वर गेला तर उतरतो. मात्र सिंगापूरचे यश केवळ या शुल्काचे नाही हेही सांगितले पाहिजे. १९९० पासून तिथे गाडी विकत घेण्यासाठीच लिलावातून परवाना घ्यावा लागतो. तो दहा वर्षे चालतो आणि अलीकडच्या काळात त्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरच्याही पुढे गेली आहे. लोकशाही असलेल्या मोठ्या देशात हे जसेच्या तसे उचलता येणार नाही.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी शहराच्या मध्यभागासाठी दिवसाला पाच पौंडांचे शुल्क सुरू केले. सोबत सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या आणि शुल्कातून उरणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यात घातले. पहिल्या काळात आत येणारी वाहतूक १८ टक्क्यांनी आणि कोंडीमुळे होणारा उशीर ३० टक्क्यांनी कमी झाला. त्यानंतर पाच-सहा वर्षांत मात्र उशीर पुन्हा जवळपास पूर्वीइतका झाला. विरोधक याकडे बोट दाखवून योजना फसली असे म्हणतात, पण कारणे पाहिली तर चित्र वेगळे दिसते. मध्यभागात येणाऱ्या गाड्या कमीच राहिल्या होत्या. रस्ते मात्र जलवाहिन्यांच्या कामांसाठी खोदले गेले आणि त्यांची बरीचशी जागा बस, सायकली आणि पादचाऱ्यांना दिली गेली. योजनेतला खरा दोष आणखी एक होता: एकदा दिवसाचे पैसे भरले की दिवसभर कितीही फिरता येत होते, आणि मोबाइलवरून बोलावल्या जाणाऱ्या खासगी टॅक्सींना तर २०१९ पर्यंत शुल्कच नव्हते. या टॅक्सी त्याच काळात झपाट्याने वाढल्या. सवलतींची यादी जिथे लांबते, तिथून गाड्या पुन्हा आत येतात.

स्टॉकहोमचा प्रयोग मला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो, कारण तो मुद्दाम प्रयोग म्हणूनच केला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये शहराने आधी नव्या बस आणि नवे बसमार्ग सुरू केले. गाड्या जवळजवळ तितक्याच राहिल्या. मग ३ जानेवारी २००६ पासून शहराच्या मध्यभागाभोवतीच्या नाक्यांवर कॅमेरे चालू झाले. नाके म्हणजे फक्त कमानी. गाडी थांबत नाही, तिच्या नंबरपाटीचा फोटो निघतो आणि हिशेब नंतर येतो. दर वेळेनुसार १०, १५ किंवा २० स्वीडिश क्रोनर आणि दिवसाची कमाल ६०. हद्द ओलांडणारी वाहतूक जवळपास लगेचच पाचव्या हिश्श्याने घटली आणि मध्यभागाकडे येणाऱ्या रस्त्यांवरच्या रांगा एक तृतीयांश ते निम्म्याने आखडल्या. ठरल्याप्रमाणे ३१ जुलैला कॅमेरे बंद झाले आणि गाड्या बऱ्याच अंशी परतल्या. सुरुवातीला बहुसंख्य नागरिकांचा या शुल्काला विरोध होता. प्रयोग अनुभवल्यावर सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी तो चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. आसपासच्या ज्या उपनगरांनी स्वतंत्र मतदान घेतले तिथे कौल विरोधी होता. तरीही ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचे झाले, आणि ते कायम करणाऱ्या सरकारमध्ये पूर्वी त्याला विरोध करणारे पक्ष होते. त्यांनी त्यातला पैसा शहराला वळसा घालणाऱ्या नव्या रस्त्याकडे वळवला. म्हणजे रस्ता आणि शुल्क हे दोन उपाय एकमेकांचे शत्रू असण्याची गरज नाही. शुल्क असेल तर नवा रस्ता पुन्हा गच्च भरण्यापासून वाचवता येतो.

प्राध्यापक विल्यम विक्री यांच्या स्वतःच्या शहराला, न्यूयॉर्कला, मात्र २०२५ साल उजाडावे लागले. जून २०२४ मध्ये सुरू व्हायची योजना तिथल्या गव्हर्नरांनी काही आठवडे आधी स्थगित केली, मूळचे १५ डॉलर ९ वर आणले, आणि ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील भागात ते लागू झाले. पहिल्या वर्षात तिथे शिरणाऱ्या गाड्या सुमारे दहाव्या हिश्श्याने कमी झाल्या. सुट्टीतल्या रस्त्यांचा अनुभव आठवला तर हा दहावा हिस्सा किती मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हे कसे बसेल याचा विचार करताना पहिला आक्षेप येतो तो गरिबांविषयी. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, पण त्याचे उत्तर आकड्यांत शोधायला हवे. मुंबईत गर्दीच्या वेळी कामावर जाणारी बहुतांश माणसे लोकलने, बसने किंवा पायी जातात. स्वतःच्या मोटारीने जाणारा वर्ग लहान आणि तुलनेने सुस्थितीतला आहे. शुल्क त्याने भरले आणि तो पैसा बसमध्ये गेला, तर कोंडीची किंमत आज जे भरत आहेत त्यांच्याकडून ती जे निर्माण करत आहेत त्यांच्याकडे सरकते. अट एवढीच की तो पैसा खरोखर बसमध्ये गेला पाहिजे, आणि इथेच माझी काळजी सुरू होते. बेस्टचा ताफा एके काळी साडेचार हजारांच्या आसपास होता. तो आता तीन हजारांच्याही खाली आला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सत्तर लाखांहून अधिक वस्तीसाठी पीएमपीच्या बस सुमारे दोन हजारच आहेत, आणि नगर रस्त्यावरच्या बीआरटी (फक्त बससाठी राखीव) मार्गाचा काही भाग तर अलीकडे उखडण्यात आला. थांब्यावर पाऊण तास बसची वाट पाहणाऱ्याला ‘गाडी काढलीस तर पैसे भर’ असे सांगणे म्हणजे त्याला कोंडीत पकडणे आहे. स्टॉकहोमने बस आधी आणल्या, लंडनने सोबत आणल्या. हा क्रम आपल्याला उलटा करता येणार नाही.

दुसरी अडचण दुचाकींची, आणि तिला युरोपात तयार उत्तर नाही. पुण्यात तर रस्त्यावर मोटारींपेक्षा दुचाकीच अधिक. दुचाकी जागा कमी घेते आणि ती चालवणारा बहुधा कमी उत्पन्नाचा असतो, त्यामुळे तिला माफी द्यावी असे सहज वाटते. पण पूर्ण माफी दिली तर मोटार सोडणारा माणूस बसकडे न जाता दुचाकीकडे जाईल, चौक पुन्हा भरतील आणि अपघातही वाढतील. सुरुवातीला मोटारींवरच शुल्क, दुचाकीला माफी पण बसच्या राखीव मार्गिकेत कडक मनाई, आणि वर्षभराने आकडे पाहून फेरविचार, असा मध्यममार्ग मला व्यवहार्य वाटतो. मालवाहू टेम्पोंना रात्री आणि दुपारी मोकळीक ठेवता येईल. वसुलीचे तंत्र ही आता अडचण राहिलेली नाही, कारण मोटारींवर फास्टॅग आहे आणि पाटी वाचून ई-चलन पाठवणारे कॅमेरे चौकाचौकांत आहेत.

याहूनही आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे पार्किंग. रस्त्याच्या कडेला दिवसभर फुकट उभी राहणारी गाडी एक अख्खी मार्गिका अडवते, आणि जिथे पोहोचल्यावर फुकट जागा मिळणार असते तिथे माणूस गाडी घेऊनच जातो. गजबजलेल्या भागात तासाच्या हिशेबाने वाजवी पैसे घेणे हे कोंडी शुल्काचेच सोपे रूप आहे. त्यासाठी नवा कायदा नको आणि कमानीही नकोत. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये असे धोरण मंजूर केले, पण विरोधामुळे ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते आकसले आणि बराच काळ कागदावरच राहिले. पार्किंगचे पैसे घेण्याचे धाडस ज्या शहराला झाले नाही, ते शहर कोंडी शुल्क लावू शकेल असे समजणे धाडसाचे ठरेल.

तरीही प्रयोगासाठी जागा निवडायची झाली, तर दक्षिण मुंबई त्या दृष्टीने सोयीची आहे. तीन बाजूंनी समुद्र असल्यामुळे आत येणारे मोठे रस्ते मोजकेच आहेत, पश्चिम आणि मध्य रेल्वे थेट आत येतात, आणि ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण लांबीने धावते आहे. आधी सहा महिने बस वाढवून त्यांना स्वतंत्र मार्गिका द्यायची, वेग आणि प्रवासी मोजून आकडे जाहीर करायचे, मग सहा महिने सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांत शुल्क घ्यायचे, ठरलेल्या तारखेला ते थांबवायचे आणि पुढचा निर्णय लोकांपुढे ठेवायचा, अशी आखणी करता येईल.

अडचण आहे ती हे करणार कोण याची. लंडनच्या महापौरांना शुल्क लावण्याचा अधिकार १९९९ च्या कायद्याने मिळालेला होता, आणि मुख्य रस्ते व बस दोन्ही त्यांच्याच हाताखालच्या एका यंत्रणेकडे होते. मुंबईत रस्ते महापालिका, एमएमआरडीए, रस्ते विकास महामंडळ आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यात वाटलेले आहेत, बस बेस्टकडे आणि सिग्नल व दंड वाहतूक पोलिसांकडे आहेत. शुल्क एकाने घ्यावे, बस दुसऱ्याने वाढवाव्यात आणि मार्गिका तिसऱ्याने राखावी, अशी विभागणी राहिली तर पैसा बसपर्यंत पोहोचणारच नाही. त्यामुळे शुल्क लावण्याचा अधिकार, ते पैसे बससाठी राखून ठेवण्याची सक्ती आणि या सर्वांसाठी एकच जबाबदार यंत्रणा, या तीन तरतुदी असलेला कायदा राज्याच्या विधिमंडळात आधी मंजूर व्हावा लागेल. कॅमेऱ्यांच्या निविदा त्यानंतरच्या.